सापडत नसलेल्या पानाचं काम

किहीम या किनाऱ्यावरच्या गावातल्या घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयींची माहिती देणारी एक छोटी वेबसाइट मी सांभाळते. ती ड्रुपल या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर चालते. ड्रुपलमध्ये न सापडलेल्या पानांचा एक अहवाल असतो: कोणत्या पत्त्यावर किती जण आले आणि रिकाम्या हाती परतले. त्यात मांडव्याच्या लाँचचं जुनं वेळापत्रक असतं, पाहुणे घेणं थांबवलेल्या घराचं पान असतं आणि पक्षितज्ज्ञ सलीम अलींवरचंही पान असतं. १९३० मध्ये त्यांनी किहीमलाच सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. त्यांच्यावरचं पान आमच्याकडे आजही आहे. आम्ही त्याचा पत्ता बदलला, पण इतरांनी दिलेल्या लिंका जुन्याच राहिल्या. अशा वाचकाला ‘पान सापडलं नाही’ एवढंच सांगून वाटेला लावणं मला पटत नाही. म्हणून एरर पेजचं मॉड्यूल लिहायला घेतलं.

हे काम वरवर मजकुराचं वाटतं. खरी मेहनत आहे ती नेमकं काय बिघडलं हे ओळखण्यात. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक क्रमांक पाठवतो. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही मिळालं नाही. ४१० म्हणजे इथे होतं, ते काढून टाकलं, आणि बहुधा कायमचंच. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती बंद आहे, थोड्या वेळाने या. ‘निसर्ग’ चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोडपल्या. त्यानंतर एखाद्या घराने पाहुणे घेणं कायमचं सोडलं असेल, तर त्या पानाला ४१० हेच खरं उत्तर. सोबत जवळच्या चालू घरांची यादी द्यायची. पान फक्त हललं असेल, तर एरर दाखवायचीच नाही. ३०१ देऊन वाचकाला थेट नव्या पत्त्यावर पोचवायचं.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो ४०३ ने. काही घरं पावसाळ्यात पाहुणे घेत नाहीत, तेव्हा मालक आपलं पान अप्रकाशित करून ठेवतात. ड्रुपल अशा पानावर बाहेरच्या माणसाला ४०३ देतं, म्हणजे ‘तुम्हाला परवानगी नाही’. मुंबईहून चार दिवस निवांत राहायला येऊ पाहणाऱ्या कुटुंबाला दारातच असं का ऐकवायचं? आता मॉड्यूल अशी हंगामी पानं ओळखतं. त्यांना अप्रकाशित करायची गरज उरत नाही. पान उघडं राहतं आणि वर ठळक ओळ येते: पावसाळ्यात बंद, नंतर पुन्हा सुरू.

वाचकाला दिसणारा मजकूर आणि सर्व्हरने पाठवलेला क्रमांक जुळलेच पाहिजेत. पडद्यावर ‘सापडलं नाही’ आणि मागून मात्र २००, म्हणजे सगळं ठीक, असं झालं की त्याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतात. सर्च इंजिन फसतं आणि मेलेल्या लिंका पुन्हा पुन्हा तपासत बसतं. अपाचे सर्व्हरच्या ‘एररडॉक्युमेंट’ या सेटिंगमध्ये साइटवरच्या मार्गाऐवजी पूर्ण वेब-पत्ता लिहिला, तर सर्व्हर वाचकाला तिकडे वळवतो आणि मूळ क्रमांक हरवतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर पान डोळ्यांनी पाहून भागत नाही. ‘कर्ल’ ही आज्ञा चालवून क्रमांकही पाहावा लागतो.

५०० ची, म्हणजे सर्व्हरच्याच आतल्या बिघाडाची, गोष्ट वेगळी. डेटाबेसच बंद पडला, तर ड्रुपलचं मॉड्यूल तरी कशाच्या बळावर चालणार? ते पान मॉड्यूलबाहेर, साध्या एचटीएमएल फाइलमध्ये ठेवलं आहे. रंगरूप त्याच फाइलमध्ये, फॉन्ट वाचकाच्या फोनमधलाच, आणि खाली फोन नंबर. बिघाडाच्या वेळी उपयोगी पडायचं पान बिघडू शकणाऱ्या कशावरही अवलंबून असता कामा नये. शिवाय ते हलकं हवं, कारण बोटीत बसून तुटक नेटवर्कवर साइट उघडणारे बरेच असतात.

मॉड्यूल एकदा लिहून संपत नाही. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि तिचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी थांबला. पण खरी उलथापालथ ड्रुपल ८ ने नोव्हेंबर २०१५ मध्येच केली होती. पूर्वी ‘हुक मेनू’त लिहिलेले मार्ग यॅमल फाइलमध्ये गेले, सेटिंग साठवण्याची पद्धत बदलली, पानांचे साचे ट्विगमध्ये आले. म्हणजे ड्रुपल ७ वरून उडी मारताना मॉड्यूल जवळजवळ नव्याने लिहावं लागतं. त्यातून फायदाही झाला. वाचकाने टाकलेला पत्ता एरर पेजवर जसाच्या तसा छापला, तर त्यातून कुणी घातक कोड घुसवू शकतो. ड्रुपल ७ मध्ये तो निर्धोक करायची आठवण प्रोग्रामरनेच ठेवायची होती. ट्विग ते आपोआप करतं.

अपडेट करताना बहुतेक जण मुखपृष्ठ उघडून पाहतात आणि काम झालं म्हणतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी चुकीचा पत्ता टाका, बंद पान उघडा, चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेस थांबवा, आणि मग काय दिसतं ते बघा. मुखपृष्ठावर येणाऱ्याला वाट माहीत असते. एरर पेजवर येतो तो अडलेला माणूस, आणि आपली साइट माणसांसाठी आहे की नाही, ते त्याला काय उत्तर मिळतं यावरून ठरतं.