लेव्हरची पाच वर्षं आणि जोकोविचचे 24

1969 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर, पावसाने ओल्या झालेल्या हिरवळीवर, रॉड लेव्हर खिळ्यांचे बूट घालून खेळला. टोनी रोशला हरवून त्याने एकाच वर्षातली चारही मोठी विजेतेपदं खिशात टाकली. पुढच्याच महिन्यात, 28 ऑक्टोबरला, तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांमधून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. हा निव्वळ योगायोग. पण पालघर-बोईसरच्या वाचकापुढे पुरुष टेनिसमधला सर्वश्रेष्ठ कोण हा वाद मांडायचा, तर तो उपयोगी पडतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या आज प्रत्येकी 160 मेगावॉटच्या मानल्या जातात. शेजारी 2005 आणि 2006 मध्ये आलेल्या दोन भट्ट्या प्रत्येकी 540 मेगावॉटच्या. तरी प्रकल्पातला कुणी अभियंता नुसता मेगावॉटचा आकडा दाखवून पहिल्या दोघींना कमी लेखणार नाही. कोणत्या काळात उभ्या राहिल्या, कशाच्या बळावर, आणि वर्षातले किती दिवस चालल्या, हे तो आधी विचारेल.

टेनिसच्या वादात हे प्रश्न फारसे कुणी विचारत नाही. जोकोविच 24, नदाल 22, फेडरर 20. आकडे म्हणून झाले की एक बाजू जिंकल्याच्या थाटात गप्प बसते आणि दुसरी बाजू फेडररच्या बॅकहँडबद्दल बोलू लागते. मी स्वतः जोकोविचच्या बाजूचा आहे. पण या आकड्यांच्या उतरंडीमुळे नव्हे, कारण मोठी विजेतेपदं मोजण्याची ही पद्धतच मुळात फार जुनी नाही.

ब्योन बोर्गने 11 मोठी विजेतेपदं मिळवली, आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धेत तो आयुष्यात एकदाच, 1974 मध्ये खेळला. जिमी कॉनर्स तिथे दोनदाच गेला. लांबचा प्रवास, कमी बक्षीस, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं ती स्पर्धा वर्षाच्या शेवटाला, नाताळच्या तोंडावर. तेव्हाच्या अव्वल खेळाडूला ती चुकवण्यात काही गमावल्यासारखं वाटत नव्हतं. बोर्ग 26 व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा ‘अजून दोन मिळवली असती तर विक्रम झाला असता’ असा विचार त्याच्या मनात असेल असं मानायला जागा नाही. मोठ्या विजेतेपदांची बेरीज हेच मोजमाप, ही सवय आपल्याला लागली ती पीट सॅम्प्रसमुळे. 2000 च्या विम्बल्डनमध्ये त्याने तेरावं विजेतेपद घेऊन रॉय इमर्सनचा 12 चा विक्रम मोडला, आणि तेव्हापासून प्रत्येक अंतिम सामन्याच्या आधी हा हिशेब पडद्यावर दिसू लागला.

आता हा इमर्सन कोण, आणि त्याचे 12 आले कुठून? हे पाहायला थोडं मागे आणि आपल्या घराजवळ यावं लागतं.

1951-52 च्या सुमारास राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सांगलीचा एक मुलगा मद्रासच्या रामनाथन कृष्णनकडून हरला. तो मुलगा म्हणजे नंदू नाटेकर. त्यानंतर नाटेकर बॅडमिंटनकडे वळले, 1956 मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले, आणि टेनिस त्यांच्या घरात परत आलं ते मुलगा गौरवच्या रूपाने. 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये गौरव नाटेकरने लिअँडर पेसच्या जोडीने दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी बॅडमिंटनचा पुरस्कार नाटेकरांना मिळाला आणि टेनिसचा कृष्णनना. कुमार गटातल्या त्या अंतिम सामन्यातले दोघेही.

त्याच 1961 मध्ये कृष्णन विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत रॉय इमर्सनला भेटले आणि त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. उपांत्य फेरीत समोर आला लेव्हर, आणि तिथे कृष्णनची वाटचाल थांबली. म्हणजे सांगलीच्या मुलाला हरवणारा माणूस इमर्सनला हरवू शकत होता, लेव्हरला मात्र नाही. पुढे काय झालं? लेव्हरने 1962 मध्ये चारही स्पर्धा जिंकल्या आणि लगेच तो व्यावसायिक झाला. त्या काळात खेळासाठी उघडपणे पैसे घेणाऱ्याला विम्बल्डनसह चारही मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद असत. केन रोझवॉल त्याच्या आधीच त्या दारातून बाहेर पडला होता. सगळ्यांत तगडे प्रतिस्पर्धी असे एकेक करून बाहेर पडत असताना हौशी राहिलेल्या इमर्सनने 1961 ते 1967 या काळात 12 विजेतेपदं गोळा केली. तो खेळाडू उत्तमच होता, त्याची तंदुरुस्ती वाखाणण्याजोगी होती. तरी 2000 पर्यंत जो विक्रम टेनिसचं शिखर म्हणून मिरवला गेला, तो खेळाडूंना दोन वाड्यांत विभागणाऱ्या एका नियमाने घडवलेला होता.

व्यावसायिकांचा कारभार पाहणाऱ्या जॅक क्रेमरने कृष्णननाही मोठ्या रकमेचा करार देऊ केला होता. त्यांनी नकार दिला. तो स्वीकारला असता तर 1960 आणि 1961 च्या विम्बल्डनच्या दोन उपांत्य फेऱ्या भारताच्या नावावर लागल्याच नसत्या. आणि खेळाडू म्हणून ते तसूभरही कमी झाले नसते. मोठ्या स्पर्धांच्या यादीतून त्या काळच्या माणसाचं मोल किती अपुरं कळतं, याचा हा आपल्याच देशातला दाखला आहे.

लेव्हरची 1963 ते 1967 ही पाच वर्षं अशी गेली. वयाची 24 ते 29. या काळात 20 मोठ्या स्पर्धा झाल्या आणि त्यातली एकही त्याला खेळता आली नाही. 1968 मध्ये दारं उघडली, त्याने लगेच विम्बल्डन जिंकलं, आणि 1969 मध्ये पुन्हा चारही. हौशी काळात एकदा आणि सर्वांसाठी खुल्या काळात एकदा, अशी दोन वेळा वर्षभराची चौकडी पूर्ण करणारा पुरुष दुसरा झालेला नाही. त्याच्या खात्यात 11 दिसतात. त्यात किती मिळवायचे हे ज्याने त्याने ठरवावं, पण शून्य मिळवणं अन्यायाचं आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. त्याचं 1962 हे रोझवॉलसारखे व्यावसायिक नसलेल्या मैदानावरचं होतं, आणि त्या काळात चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत.

पांचो गोन्झालेसचं नाव तर यादीत शोधावंच लागतं. 1948 आणि 1949 ची अमेरिकन विजेतेपदं, मग व्यावसायिक, आणि पन्नासच्या दशकात जगातला सर्वोत्तम मानला जाऊनही मोठ्या स्पर्धांच्या खात्यात फक्त 2. 1969 च्या विम्बल्डनला, वयाच्या 41 व्या वर्षी, त्याने चार्ली पासारेलला 22-24, 1-6, 16-14, 6-3, 11-9 असं दोन दिवस चाललेल्या सामन्यात हरवलं. असल्या लांबलेल्या सामन्यांमुळेच टायब्रेकची गरज पटली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत तो सुरूही झाला.

जुन्यांना त्यांचं देणं दिल्यावर नव्यांकडे वळू. एकाच पिढीतले तीन खेळाडू 20 किंवा त्याच्या वर कसे गेले, हे फक्त प्रतिभेने समजत नाही. 2001 मध्ये विम्बल्डनने हिरवळीसाठी पूर्णपणे बारमाही रायगवत वापरायला सुरुवात केली. जमीन टणक झाली, चेंडू अधिक उसळू लागला, आणि सर्व्हिस करून जाळीकडे धावणाऱ्यांची सद्दी संपत गेली. रॅकेटच्या तारा पॉलिएस्टरच्या झाल्या. 1997 मध्ये गुस्तावो क्युर्टेन फ्रेंच स्पर्धा जिंकला तो अशाच तारांनी, आणि मग सगळ्यांनाच पूर्ण ताकदीने मारूनही चेंडू फिरकीने कोर्टातच पाडता येऊ लागला. त्याच सुमारास मोठ्या स्पर्धांत 16 ऐवजी 32 मानांकित खेळाडू ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे अव्वल खेळाडूला पहिल्या दोन फेऱ्यांत दुसरा मानांकित भेटण्याची भीतीच उरली नाही. लाल माती आणि हिरवळ यांतलं अंतर पूर्वी एवढं होतं की सॅम्प्रससारखा खेळाडू फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत कधीच पोचला नाही. आता एकाच पद्धतीचा खेळ चारही ठिकाणी चालू शकतो. फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांनाही याचा लाभ मिळाला, म्हणून तिघांची आपसांतली तुलना रास्त आहे. लेव्हर किंवा बोर्गशी सरळ बेरजेची तुलना रास्त नाही.

तर या तिघांत. नदालच्या बाजूचा सर्वांत वजनदार आकडा 22 हा नाही, 112-4 हा आहे. फ्रेंच स्पर्धेच्या रोलाँ गॅरोवर 112 विजय, 4 पराभव, 14 विजेतेपदं. एका स्पर्धेवर एवढी हुकूमत कोणत्याही पुरुष खेळाडूने गाजवलेली नाही. पण 22 पैकी 14 एकाच मातीवरचे, आणि वर्षअखेरीला होणारी अव्वल आठ खेळाडूंची स्पर्धा त्याला एकदाही जिंकता आली नाही, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य करावं लागतं.

फेडररबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण त्याच्यासारखं टेनिस मी पाहिलेलं नाही. 2019 च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये 8-7, 40-15 अशी स्थिती होती, सर्व्हिस त्याची, विजेतेपदाचे दोन गुण हातात. संपूर्ण सामन्यात त्याने 218 गुण जिंकले, जोकोविचने 204. तरी चषक जोकोविचचा. त्या सामन्यातले तिन्ही टायब्रेक जोकोविचने घेतले. सौंदर्य हा खेळाचा खरा भाग आहे, ते बाजूला काढून टाकावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण ‘कुणाचा खेळ पाहावासा वाटतो’ आणि ‘कोण श्रेष्ठ’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याला माझं उत्तर फेडरर आहे, दुसऱ्याला नाही.

जोकोविचची बाजू अशी. चारही मोठ्या स्पर्धा किमान तीन-तीनदा जिंकणारा तो एकटा पुरुष. मास्टर्स दर्जाच्या नऊही स्पर्धा त्याने किमान दोनदा जिंकल्या. नदालविरुद्ध 31-29, फेडररविरुद्ध 27-23. फेडरर त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, हा आक्षेप बरोबर आहे. पण नदाल अवघ्या एका वर्षाने मोठा, आणि ती 60 सामन्यांची झुंज तिन्ही पृष्ठभागांवर झाली. क्रमवारीत अव्वल स्थानावर 428 आठवडे, फेडररचे 310, नदालचे 209. तारापूरचा अभियंता ‘किती दिवस चालली’ असं विचारेल, तर त्याचं उत्तर या आकड्यात आहे. शिवाय 24 पैकी 12 विजेतेपदं त्याने तिशी उलटल्यावर मिळवली. ही निम्मी कमाई खेळाडू उतरणीला लागण्याच्या वयातली आहे.

1999 मध्ये बेलग्रेडवर बॉम्ब पडत होते, तेव्हा जोकोविच जेमतेम 12 वर्षांचा होता आणि तशातही सराव करत होता. पालघरहून लोकलचा लांबचा प्रवास करत मुंबईच्या मैदानांवर घडलेला क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सुविधा नसलेल्या ठिकाणाहून वर येण्याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. श्रेष्ठत्व मोजताना मी ही गोष्ट गुणांत धरत नाही. जोकोविच दोन गुण पिछाडीवर असताना असा शांत का राहू शकतो, हे समजायला मात्र ती मदत करते.

त्याच्या खात्यात एकच मोठी गोष्ट राहिली होती, ऑलिम्पिक सुवर्ण. 2024 च्या जूनमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो पॅरिसला, नदालच्याच रोलाँ गॅरोवर उतरला. दुसऱ्या फेरीत नदालला 6-1, 6-4 असं हरवलं. अंतिम फेरीत समोर कार्लोस अल्कराझ होता, 16 वर्षांनी लहान, आणि त्याआधीच्या सलग दोन विम्बल्डन अंतिम सामन्यांत जोकोविचला हरवलेला. जोकोविच 37 वर्षांचा. दोन सेट, दोन्ही टायब्रेकमध्ये, 7-6, 7-6. संपूर्ण स्पर्धेत त्याने एकही सेट गमावला नाही. लेव्हरची दोन वेळची चौकडी आजही एकट्याची आहे आणि ती तशीच राहावी. तरी सगळ्या काळांतला एकच खेळाडू निवडायला सांगितलं, तर मी जोकोविचचं नाव घेतो.