फौजेत अफसर व्हायचंय, मग डिग्री कोणती?

गेल्या जूनमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. वडील वसमतच्या हळद बाजारात हमाली करतात. मुलगी बारावी सायन्स पास झालेली. गणित सोडून नीटची तयारी केली होती, तिथे नंबर लागला नाही. आता तिला फौजेत अफसर व्हायचं होतं. वडिलांच्या हातात शहरातल्या एका संस्थेचं पत्रक होतं: कॉलेज, होस्टेल आणि 'डिफेन्स'ची तयारी, तिन्ही एकाच जागी.

"मॅडम, ही डिग्री केली की पोरगी अफसर होईल ना? होत असेल तर दीड एकर विकून टाकतो."

मी म्हणाले, "भाईसाब, आधी चहा घ्या. जमिनीचं नंतर बघू."

अफसर बनवणारी अशी कोणतीही खास डिग्री नाही. पदवीनंतर यूपीएससीची सीडीएस परीक्षा वर्षातून दोनदा होते. त्यातून डेहराडूनच्या आयएमएत किंवा चेन्नईच्या ओटीएत जायला बीए, बीकॉम, बीएस्सी, कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. नौदलाला मात्र इंजिनिअरिंगची पदवी लागते. हवाई दलात विमान उडवायचं, तर बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच, नाहीतर इंजिनिअरिंगची पदवी.

म्हणजे काही दरवाजे डिग्रीच्या आधीच, अकरावीचा फॉर्म भरताना बंद होतात. हे मी माझ्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला गणित जड जात होतं. मीच त्याला म्हणाले, "सोडून दे, आर्ट्स घे." त्याला पायलट व्हायचं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. मी विचारलंच नव्हतं. आता दहावीच्या प्रत्येक मुलाला आधी विचारते आणि मग सल्ला देते.

बारावीनंतरचा रस्ता खडकवासल्याच्या एनडीएचा. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. तिथे शिकता शिकताच पदवी मिळते आणि खर्च सरकार करतं. 2022 पासून तिथे मुलीही शिकतात. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे असतात. आमच्या मुलीला ते झेपण्यासारखं नव्हतं.

तिच्यासाठी ओटीए बरी. मुलींना सीडीएसमधून तीच वाट आहे, आणि ओटीएच्या लेखी परीक्षेत इंग्रजी व सामान्य ज्ञान एवढेच दोन पेपर असतात. दुसरी वाट एनसीसीची. तीन वर्षं एनसीसी करून 'सी' सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने मिळवलं आणि पदवीला 50 टक्के गुण असले, तर अर्जाची छाननी होऊन लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची मुलाखत देता येते. जागा थोड्या असतात. तरीही कॉलेज निवडताना "फी किती?" याबरोबर "एनसीसी आहे का?" हेही विचारा.

मग विषय कोणता? कर्नल सोफिया कुरेशी यांना मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या बडोद्याच्या. त्यांनी एमएस्सी केली बायोकेमिस्ट्रीत, आणि फौजेत काम केलं सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत. 2016 मध्ये पुण्यात झालेल्या अनेक देशांच्या लष्करी सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनीच केलं. शिकलेला विषय वेगळा आणि काम वेगळं, तरी काही अडलं नाही.

एसएसबीत पाच दिवस मुलांना पारखतात. चित्र पाहून गोष्ट लिहायला लावतात, गटात चर्चा घडवतात, मैदानावर अडथळे पार करायला देतात, मुलाखत घेतात. तुझा विषय तुला कळतो का, हेही मुलाखतीत निघतं. न आवडणारा विषय तिथे लगेच उघडा पडतो. शिवाय बहुतेकांची निवड होत नाही, हे आईवडिलांनी आजच मनाशी धरावं. म्हणून विषय असा घ्यावा, जो मुलाला मनापासून आवडतो, ज्यात चांगले गुण पडतात, आणि निवड झाली नाही तरी ज्याच्यावर भाकरी मिळते.

आणखी दोन गोष्टी घरच्यांसाठी. ओटीएसाठी वय साधारण 19 ते 25 आणि उमेदवार अविवाहित असावा लागतो. मुलीला फौजेत पाठवायचं ठरवलं, तर तेवढी वर्षं स्थळांची घाई करू नका. आणि डोळे, कान, गुडघे, तळपाय आधीच डॉक्टरांना दाखवा. तीन वर्षं तयारी करून मेडिकलमध्ये परत येण्यापेक्षा ते बरं.

मुलीला विचारलं, "तुला काय आवडतं?" ती लगेच म्हणाली, "भूगोल." जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तिने बीएला प्रवेश घेतला. एनसीसीत नाव घातलं. पहाटे धावते, रोज इंग्रजी पेपर मोठ्याने वाचते. ती अफसर होईल की बीएड करून माझ्यासारखी शिक्षिका, हे आज कोण सांगणार? दोन्ही रस्ते तिला खुले आहेत.

वडिलांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं होतं. जाताना ते परत काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मग यंदा त्या दीड एकरात हळदच लावतो."