घरच्या मैदानाचा फायदा नेमका कुठून येतो?

“सर, दुकान आपल्याच गावात टाकतो, आपली माणसं आहेत.” प्रत्येक बॅचमध्ये हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. खेळात याला होम ॲडव्हान्टेज म्हणतात. घरच्या मैदानावर संघ जास्त सामने जिंकतात, हे खरंच आहे. पण का?

आपल्याला वाटतं, टाळ्यांनी खेळाडूंना जोर येतो. येतही असेल. पण मजा अशी की प्रेक्षकांचा ओरडा रेफरीवरही काम करतो.

२००२ साली इंग्लंडमधल्या अभ्यासकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सिटी या फुटबॉल सामन्यातले ४७ टॅकल ४० रेफरींना व्हिडिओवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. चित्र तेच, नियम तेच! हे रेफरी काही विकले गेलेले नव्हते. निर्णय क्षणात द्यायचा, मनात शंका, आणि हजारो लोक एका बाजूने ओरडतायत. अशा वेळी मन नकळत तिकडे झुकतं.

आता स्पेनच्या लीगचा अभ्यास बघा, माझ्या मते धंद्यासाठी हाच जास्त कामाचा. घरचा संघ एका गोलने मागे असेल तर रेफरी शेवटी जास्त वेळ वाढवून द्यायचे, एका गोलने पुढे असेल तर कमी. पण फरक दोन गोलांचा झाला की हा कल दिसतच नव्हता. म्हणजे गर्दीचं वजन फक्त काठावरच्या सामन्यात.

२०२० मध्ये कोविडमुळे युरोपात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघाला जास्तीची पिवळी कार्डं देण्याचं प्रमाणही घटलं.

आणि आपलं गहुंजे? भारताने घरच्या सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या होत्या. २०२४ मध्ये न्यूझीलंडने ती साखळी तिथेच तोडली. प्रेक्षक आपले, फिरकीची खेळपट्टी आपली, आणि १३ बळी घेऊन गेला त्यांचा सँटनर!

तुमच्या दुकानात रेफरी म्हणजे गिऱ्हाईक. भाव आणि माल समोरच्या दुकानाइतकाच असेल, तर ओळखीमुळे ते तुमच्याकडे वळेल. किलोमागे दहा रुपये जास्त लावलेत तर सख्खा मावसभाऊसुद्धा समोर जाईल. (उधारी मागायला मात्र तुमच्याकडेच येईल!)

तेव्हा गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी एक यादी करा: ओळख नसती तरी कोणकोण आलं असतं, आणि कशासाठी?