विश्लेषण : कबुतरे उडून गेली, तरी घरट्याचा त्रास का संपत नाही?

मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवर कारवाई झाली आणि कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना होणाऱ्या त्रासाची चर्चा घरोघरी पोहोचली. मात्र एसीच्या आउटडोअर युनिटमागे किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात असलेल्या घरट्यात रक्तावर जगणारे परजीवीही असतात. त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

घरट्यात काय असते?

पारव्याचे घरटे म्हणजे मोजक्या काड्या आणि त्यावर साचलेली विष्ठा. त्यात ‘डर्मानिसस गॅलिनी’ नावाचे तांबडे माइट्स लपतात. गोचिडांच्या जातकुळीतला हा जीव जेमतेम १ मिमी लांबीचा. दिवसा फटीत दडतो, रात्री पक्ष्याचे रक्त पितो. अनुकूल हवेत आठवडा-दीड आठवड्यात त्याची नवी पिढी तयार होते. कबुतरांच्या पिसांत उवा आणि रक्त पिणारी एक चपटी माशीही असते. ही माशी कबुतरांमध्ये ‘हिमोप्रोटियस’ हा मलेरियासारखा आजार पसरवते.

माणसाला धोका कशाचा?

हिमोप्रोटियस माणसाला होत नाही. कबुतराच्या उवाही माणसाच्या अंगावर टिकत नाहीत. खरा त्रास माइट्सचा.

पक्षी गेल्यावर त्रास का वाढतो?

अंडी उबण्यास साधारण १८ दिवस आणि त्यानंतर पिल्ले उडण्यास महिनाभर लागतो. तोवर माइट्सना रक्त जागेवरच मिळते. पिल्ले उडाली किंवा जाळी लावून पक्ष्यांची वाट बंद केली, की उपाशी माइट्स खिडकीच्या फटींतून घरात शिरतात. ते माणसाला चावतात. त्यामुळे खाज सुटते, लाल पुरळ येते. माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत, त्यामुळे शोधूनही सापडत नाहीत. मग ढेकूण समजून गादीवर फवारणी होते आणि घरटे तसेच राहते. माइट्स रक्ताविना काही महिने तग धरू शकतात. म्हणून ‘आपोआप मरतील’ असे समजून थांबणे महागात पडते.

काय करावे?

* पिल्ले उडाल्यावर लगेच घरटे काढावे. जाळी त्यानंतरच लावावी.
* कोरडे झाडू नये. विष्ठेची धूळ श्वासात जाते. मास्क व हातमोजे घालून आधी पाणी फवारावे.
* घरटे पिशवीत घट्ट बांधून टाकावे. जागा साबणाच्या गरम पाण्याने धुऊन फटी बुजवाव्यात.
* पुरळ कमी होत नसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरट्याचा उल्लेख आवर्जून करावा.