हल्स्टेड स्ट्रीटवरच्या बायका

1889 साली जेन अ‍ॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन मैत्रिणी शिकागोच्या हल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या वाड्यात राहायला आल्या. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू, बोहेमियन अशी परदेशातून आलेली गरीब कुटुंबं. वाडा चार्ल्स हल यांचा, म्हणून संस्था ‘हल हाउस’. बालवर्ग, इंग्रजीचे वर्ग, न्हाणीघर असं सगळं हळूहळू सुरू झालं.

नुसती समाजसेवा नव्हे हं! वस्तीतला कचरा उचलला जाईना, तेव्हा 1895 मध्ये अ‍ॅडम्सबाई स्वतः वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या आणि भल्या पहाटे कचरागाड्यांच्या मागे हिंडू लागल्या. पुढे 1931 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, पण कचऱ्याचा किस्सा जास्त भारी आहे.

त्यांच्या सहकारीही तशाच खमक्या. फ्लॉरेन्स केली 1893 मध्ये इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना-निरीक्षक झाल्या. शिशाच्या विषबाधेचा माग काढणाऱ्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन 1919 मध्ये हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक ठरल्या.

नवख्यांची थेट काळजी वाहिली ती ग्रेस अ‍ॅबट यांनी. 1908 मध्ये स्थापन झालेल्या ‘इमिग्रंट्स प्रोटेक्टिव्ह लीग’च्या त्या प्रमुख. नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्या दलालांची त्यांनी पुराव्यानिशी लक्तरं वेशीवर टांगली. एकट्या येणाऱ्या मुलींच्या याद्या लीग बंदरांवरून मागवी आणि त्या-त्या मुलीची भाषा बोलणारी बाई तिचा पत्ता शोधत दारात हजर होई. कित्येकदा पत्ताच चुकीचा निघे.