गासडी यंत्राचे पट्टे

गासडी यंत्राचे पट्टे : वाळलेल्या गवताच्या दंडगोलाकार गासड्या बांधणाऱ्या यंत्रात गवत गुंडाळण्याचे व दाबण्याचे कार्य करणारे रबरी पट्टे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ॲलिस-चामर्स कंपनीने १९४७ मध्ये लहान गोल गासड्यांचे यंत्र विक्रीस आणले. मोठ्या गासड्यांचे यंत्र गॅरी व्हर्मीर यांनी आयोवा राज्यातील पेला येथे १९७१ मध्ये तयार केले. गवत साठविण्याचे काम एकाच माणसाला करता यावे, हा त्यामागील हेतू होता.

रचना व कार्य : कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे थर रबरात बसवून हे पट्टे बनवितात. प्रत्येक पट्ट्याची दोन टोके धातूच्या आकड्यांनी व त्यांतून ओवलेल्या खिळीने जोडलेली असतात. अनेक पट्टे रुळांवरून शेजारीशेजारी फिरतात व त्यांमधील गवताला पीळ देतात. गासडी वाढत जाते तशी ताण देणारी भुजा पट्ट्यांना जागा करून देते.

झीज : पृष्ठभागावरील खडबडीत नक्षी झिजल्यास पट्टा घसरतो व गासडीचा गाभा फिरू लागत नाही. रूळ समांतर नसल्यास कडा उसवतात. सतत घासणाऱ्या पट्ट्यामुळे किंवा बिघडलेल्या धारव्यामुळे उष्णता निर्माण होऊन कोरड्या गवतास आग लागू शकते. कापणीच्या दिवसांत पट्टा तुटल्यास शेतात पसरलेले गवत पावसात सापडून वाया जाते. म्हणून हंगामापूर्वीच तपासणी करणे हिताचे असते.

पट्टा बदलणे : प्रथम यंत्र रिकामे करून ताण सैल करतात. जुन्या पट्ट्याची खीळ काढून त्याच्या टोकाला नवा पट्टा जोडतात व जुना ओढून घेतात. त्यामुळे नवा पट्टा रुळांमधील योग्य मार्गानेच जातो. नव्या पट्ट्याची टोके गुण्याने आखून काटकोनात कापावी लागतात. टोक तिरपे राहिल्यास पट्टा एका बाजूस सरकतो. वापरलेले पट्टे ताणून लांबलेले असतात. म्हणून एकच पट्टा बदलावयाचा असल्यास त्याची लांबी इतरांशी जुळविणे आवश्यक असते. लांबी असमान राहिल्यास आखूड पट्ट्यावर अधिक भार येतो, लांब पट्टा सैल पडतो आणि गासडीचा आकार बिघडतो. बहुतेक पट्टे झिजले असल्यास संपूर्ण संच बदलणे श्रेयस्कर ठरते. शेवटी यंत्र रिकामे व मंद गतीने फिरवून पट्टे सरळ धावतात की नाही, हे दुरून पाहतात.

सुरक्षितता : दुरुस्तीपूर्वी ट्रॅक्टरचे एंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व फिरणारे सर्व भाग थांबू द्यावेत. उचललेले मागील दार केवळ द्रवीय दाबाच्या भरवशावर न ठेवता यांत्रिक अडसराने पक्के करावे, कारण नळी फुटल्यास ते एकाएकी खाली येते. यंत्र चालू असताना अडकलेले गवत हाताने ओढणाऱ्या माणसाचा हात आत खेचला जातो. ट्रॅक्टरचा दंड सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेत असल्याने हात मागे घेण्यास अवधीच मिळत नाही.