वेग मारण्याची विद्या

भंगारात निघालेल्या मालमोटारीचा ट्रॅक्टर करावयाचा म्हटले, म्हणजे तिच्या इंजिनात जोर किती उरला आहे हा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात प्रथम येतो. पण ज्यांनी हा खटाटोप स्वतःच्या हातांनी केला, त्यांना ती चिंता फारशी पडलेली दिसत नाही. १९२८ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘एए’ मालमोटारीचे इंजिन ४० अश्वशक्तीचे होते, आणि त्याच्या निम्म्या शक्तीवर फोर्डचाच फोर्डसन ट्रॅक्टर दोन फाळांचा नांगर ओढीत असे. बळ पुष्कळ होते. मात्र रस्त्यावर धावण्यासाठी घडलेल्या त्या यंत्राला बैलाच्या पावलाने चालावयास शिकविणे, हेच खरे कसबाचे काम होते.

थोडा हिशेब केला तर ही अडचण लक्षात येईल. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत आहे, पहिल्या गिअरमध्ये त्याच्या सहा फेऱ्यांना पुढच्या दांड्याचा एक फेरा पडतो, आणि मागच्या आसातही सहास एक हेच प्रमाण आहे असे धरले, तर चाकाला मिनिटास जेमतेम ४२ फेरे मिळतात. तरीही तीन फूट व्यासाचे चाक तेवढ्यात ताशी सात किलोमीटर पळते, आणि कठीण जमिनीत रुतलेल्या नांगराला ही धाव मानवत नाही. यावर शेतकऱ्यांनी काढलेली तोड मोठी सरळ होती. दुसऱ्या एखाद्या मोडक्या गाडीची गिअरपेटी आणून पहिलीच्या मागे जोडावयाची. तिच्यात तिनास एक असा गिअर घातला, की वेग ताशी अडीच किलोमीटरच्याही आत येतो आणि, घर्षणात जाते ते वजा करता, ओढ जवळजवळ तिप्पट होते. चार-चार गिअरांच्या दोन पेट्या जोडल्या तर पुढे जाण्याच्या सोळा चाली हाती येतात. त्यांतून दोन्ही पेट्या एकाच वेळी उलट्या गिअरमध्ये टाकल्या तर गाडी पुढेच जाते, ही गंमत निराळीच.

मग चासीची पाळी येते. मालमोटारीची लांबी शेताच्या कोपऱ्यावर वळताना नडते, म्हणून चासी मधोमध कापून आखूड करावयाची, मागचे पाटे काढून टाकावयाचे आणि आस थेट चासीला बोल्टांनी आवळून टाकावयाचा. मालाचे ओझे गेल्यामुळे मागची चाके हलकी होतात आणि ओल्या मातीत जागच्या जागी गरगरतात. त्यावर काँक्रीटचे ठोकळे, रेल्वेरुळाचे तुकडे, टायरांत भरलेले पाणी, जे वजनदार म्हणून सापडेल ते उपयोगी पडते. यंत्र गोगलगाईच्या गतीने चालत असता रेडिएटरला वाऱ्याचा झोत लागत नाही, म्हणून पंखा धड असावा लागतो.

परंतु गती मारून मिळविलेल्या ओढीचा हप्ता कोणीतरी भरावाच लागतो, आणि तो बहुधा मागच्या आसातील दांडे भरतात. इंजिन तेच असले तरी दुसऱ्या पेटीने वाढविलेला पीळ त्यांच्या मूळ ताकदीच्या बाहेर जातो, आणि नांगर दगडात अडकताच दांडा काडीसारखा मोडतो. याहून वाईट प्रकार म्हणजे नांगराची साखळी आसाच्या वर कोठेतरी बांधणे. अशा वेळी चाके जमिनीला धरून बसतात आणि पुढचा भाग वर उचलला जाऊन गाडी चालकाच्या अंगावर उलटू शकते. ओढीची जागा आसाच्या खाली हवी, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ निभावते. उतारावर दोहोंतील कोणतीही पेटी न्यूट्रलमध्ये गेली, की इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भरवसा जुन्या ब्रेकांवर येतो, हेही विसरून चालत नाही.

अमेरिकेत या गावठी यंत्रांना ‘डूडलबग’ म्हणत. वाळूत खड्डा करून मुंग्या धरणाऱ्या एका किड्याचेही तिकडे तेच नाव आहे. फोर्डच्या ‘टी’ मोटारीला ट्रॅक्टर बनविण्याचे तयार संच १९१७ च्या सुमारासच विकले जात. पुढे मंदीच्या वर्षांत नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नसलेल्यांनी, आणि युद्धकाळात ऐपत असूनही तो न मिळालेल्यांनी, आपापल्या खळ्यांत अशी यंत्रे उभी केली.

स्वीडनमध्ये हाच उद्योग सरकारी दप्तरात दाखल झाला. युद्धाच्या टंचाईत, १९४० साली, जुन्या मोटारींचे ट्रॅक्टर करण्याची मुभा तेथील सरकारने रीतसर दिली. स्वस्त मालासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘एपा’ नावाच्या दुकानांवरून लोक त्या यंत्रांना थट्टेने ‘एपा’ म्हणू लागले. पुढे शेतकऱ्यांपाशी कारखान्यातले ट्रॅक्टर आले आणि एपांचे काम संपले. पण ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली गाडी मोटारीच्या परवान्याच्या वयाआधीच चालविता येते, ही कायद्यातील फट खेड्यापाड्यांतील पोरांनी अचूक हेरली. १९७५ साली जुन्या एपांच्या जागी ‘ए-ट्रॅक्टर’ हा नवा वर्ग आला. आज पंधरा वर्षांची मुले मोपेडच्या परवान्यावर तो चालवितात. वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर, आणि मागे संथ वाहनाची निशाणी म्हणून लाल त्रिकोण. शेतकऱ्यांनी दुसरी गिअरपेटी शोधण्यासाठी भंगाराचे ढीग उपसले होते. त्यांची नातवंडे तो वेगाचा लगाम गुपचूप कसा सोडवावा, याच विवंचनेत असतात, आणि पोलीस रस्त्याच्या कडेला उभे राहून तो पुन्हा आवळला आहे की नाही ते तपासतात.